डॉक्टर म्हणतात "आता फक्त आरामात ठेवूया", मग नर्स नेमकं काय करते?

"आता ट्रीटमेंट थांबवू, पेशंटला कम्फर्टेबल ठेवू." हे वाक्य कानावर पडलं की घरच्यांना त्यातून एकच अर्थ लागतो, की आता यांनी आपल्या माणसाला सोडून दिलं. पुढे काय विचारायचं, कोणाला विचारायचं काही सुचत नाही, डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात, आणि चोवीस तास त्या पलंगापाशी ये-जा असते ती नर्सची. बाई असो की पुरुष, शेवटच्या दिवसांत पेशंटला सगळ्यात जास्त हात लागतो तो नर्सचाच. आणि तरीही आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की आता ती काय करणार, बीपी बघणार, चादर बदलणार, बास. खरं तर बरं करणारे उपाय थांबतात तेव्हा नर्सिंगचं काम वाढतं, आणि ते काम नुसतं गोड बोलण्याचं नसतं, त्यात शिकायला लागणारी भरपूर विद्या आहे. ती काय आहे हे घरच्यांना आधीपासून माहीत असेल तर बरीचशी भीती कमी होते आणि योग्य गोष्टी मागता येतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी काळजी. आजार बरा होणार की नाही हा प्रश्न तिथे वेगळा ठेवतात. दुखणं, धाप, मळमळ, झोप न येणं, मनातली भीती, घरच्यांची ओढाताण, हे सगळं यात येतं, आणि ही काळजी आजार कळल्या दिवसापासून बाकीच्या ट्रीटमेंटच्या जोडीने सुरू होऊ शकते. हॉस्पिस केअर हा त्यातलाच शेवटचा भाग, जिथे बरं करण्याचे उपाय थांबलेले असतात आणि उरलेला वेळ चांगला जावा एवढंच बघायचं असतं. हॉस्पिस म्हणजे वेगळी बिल्डिंगच लागते असंही नाही, ही काळजी घरी पण देता येते.

आजच्या हॉस्पिसची सुरुवात ज्या बाईंनी केली त्या सिसिली सॉन्डर्स मुळात नर्स. मग पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, म्हणून त्या हॉस्पिटलात सोशल वर्कर झाल्या, आणि शेवटी मरणाऱ्या पेशंटच्या वेदनेकडे कोणी नीट बघत नाही म्हणून वयाच्या तिशीत मेडिकलला जाऊन डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांनी एक कल्पना मांडली ती आजही या कामाचा पाया आहे, 'टोटल पेन', म्हणजे माणसाचं दुखणं एकाच जागी नसतं. शरीर दुखतं, त्यात मनात भीती असते, त्यात घरचं कसं होणार ही चिंता असते, आणि माझ्याच वाट्याला हे का आलं हा प्रश्न असतो. यातलं एक जरी तसंच राहिलं तरी बाकीची वाढतात. रात्री दोन वाजता एखादे आजोबा "पाय दुखतोय" म्हणून चौथ्यांदा बेल वाजवतात तेव्हा अनुभवी नर्स गोळी तर देतेच, पण खुर्ची ओढून बसते पण, कारण त्या पायाच्या मागे अजून काहीतरी असतं हे तिला माहीत असतं.

औषध घड्याळ बघून का देतात, दुखल्यावर का नाही?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. "आत्ता तर शांत झोपलेत, आत्ता कशाला उठवून गोळी?" त्याचं कारण असं. साधी मॉर्फिनची गोळी किंवा औषध साधारण चार तास काम करतं. ते संपायची वाट बघितली तर दुखणं पूर्ण जोर धरतं, आणि एकदा जोर धरलं की मग त्याला खाली आणायला जास्त डोस लागतो, वेळ लागतो, आणि मधल्या वेळात माणूस नुसता तळमळतो. दूध उतू गेल्यावर ओटा पुसत बसण्यापेक्षा आधीच गॅस बारीक करतो ना आपण, तसंच. सॉन्डर्सबाईंनी हे तरुणपणी लंडनच्या सेंट ल्यूक्समध्ये, म्हणजे मरणाऱ्या पेशंटसाठीच्या एका हॉस्पिटलात, काम करताना पाहिलं होतं, तिथे वेदनेचं औषध ठरलेल्या वेळी द्यायचे आणि पेशंटला दर वेळी मागावं लागायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कॅन्सरच्या वेदनेवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही हेच आहे: शक्य तोवर तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, आणि वेदनेच्या पायरीप्रमाणे औषध चढवत न्या.

यात नर्सची नजर फार महत्त्वाची. बोलणाऱ्या माणसाला शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारता येतं, पण बोलणं बंद झालेल्याचं काय? तर कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना निघणारा कण्हण्याचा आवाज, पाय सारखे पोटाशी घेणं, हे सगळं वाचावं लागतं. अंग पुसायचं असेल, जखमेचं ड्रेसिंग असेल तर त्याच्या आधी अर्धा-पाऊण तास जादाचा डोस देऊन ठेवायचा, हे ज्या वॉर्डात ठरवून केलं जातं तिथला पेशंट ड्रेसिंगची ट्रॉली बघून घाबरत नाही. आणि गिळता येत नसेल तर कातडीखाली एक बारीक सुई लावून छोट्या पंपाने चोवीस तास हळूहळू औषध सोडता येतं, दर वेळी टोचायची गरज नाही.

पण मॉर्फिनने माणूस लवकर जातो ना?

या भीतीपोटी किती लोक विनाकारण वेदनेत जातात याचा विचार केला तरी जीव तुटतो. तर नीट सांगते. मॉर्फिन छोट्या डोसपासून सुरू करून, परिणाम बघत बघत वाढवलं तर त्याने मरण ओढवत नाही. श्वास मंदावण्याचा धोका असतो तो डोस एकदम जास्त दिल्यावर, किंवा किडनी खराब असताना डोस न बदलता तसाच चालू ठेवल्यावर, म्हणून तर नर्स श्वासाचा वेग आणि गुंगी सारखी बघत असते. उलट धाप लागलेल्या माणसाला मॉर्फिनच्या छोट्या डोसने दम लागण्याची जाणीव कमी होते.

मग गैरसमज का होतो? कारण शेवटच्या दिवसांत औषध चालूच असतं, त्यामुळे कुठला तरी डोस हा शेवटचा असणारच, आणि घरच्यांच्या मनात मात्र "ते इंजेक्शन दिलं आणि गेले" असं कायमचं बसतं. चांगली नर्स म्हणूनच इंजेक्शन देताना सांगते की हे कशासाठी देतेय, याने काय होईल, काय होणार नाही.

सवय लागेल का, हा दुसरा प्रश्न. वेदनेसाठी देखरेखीखाली घेणाऱ्या पेशंटमध्ये नशेचं व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. शरीराला औषधाची सवय होते, ती गोष्ट वेगळी, म्हणून एकदम बंद करायचं नाही एवढंच. खरा रोजचा त्रास होतो बद्धकोष्ठतेचा, तो जवळपास सगळ्यांना होतो, त्यामुळे मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. ते लिहून दिलेलं नसेल तर घरच्यांनी बिनधास्त विचारावं. सुरुवातीचे काही दिवस झोप आणि मळमळ असते, ती बहुतेकांची नंतर कमी होते.

अचानक बेचैन झाले, चादर ओढतायत, उठून पळू बघतायत

शेवटच्या दिवसांत हे बऱ्याच जणांना होतं आणि घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवतं. लगेच झोपेचं इंजेक्शन मागितलं जातं. पण त्याआधी नर्स काय करते बघा: ओटीपोटावर हात ठेवून बघते, कारण लघवी तुंबून मूत्राशय टम्म फुगलेलं असेल तर बोलू न शकणारा माणूस नुसता तडफडतो आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यावर दहा मिनिटांत शांत होतो. मग पोट किती दिवसांत साफ झालं नाही ते बघते, दुखणं वाढलंय का, ताप आहे का, कुठलं नवीन औषध सुरू झालंय का, खोलीत फार उजेड-गोंगाट आहे का. यातलं काहीच नसेल किंवा केलेल्याचा उपयोग होत नसेल तर मग शांत करणारी औषधं आहेतच आणि ती वापरावीत, त्यात काही चुकीचं नाही. पण क्रम हा असा. करुणा म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हे ओटीपोटावर हात ठेवून बघणं सांगेन.

जेवण बंद झालंय, आम्ही त्यांना उपाशी ठेवतोय का?

आपल्या माणसाला भरवणं हे प्रेम करण्याचं सगळ्यात जुनं काम आहे, त्यामुळे त्याने तोंड फिरवलं की घरच्यांच्या काळजात चर्र होतं. इथे शरीराचा क्रम समजून घ्यावा लागतो. माणूस खात नाही म्हणून जातोय असं नसतं, तो जाण्याच्या वाटेवर आहे म्हणून भूक मंदावलेली असते, आतडी मंदावलेली असतात, आलेलं अन्न शरीराला वापरता येत नाही. जबरदस्तीने भरवलं तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती.

आणि सलाईन? 2013 मध्ये कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या 129 हॉस्पिस पेशंटवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना रोज एक लिटर सलाईन, अर्ध्यांना फक्त 100 मिली, आणि कोणाला काय चाललंय हे पेशंटला किंवा त्रास मोजणाऱ्यांना माहीत नाही. थकवा, गुंगी, बेचैनी यात दोन्हीकडे फरक नाही, किती दिवस जगले त्यातही फरक नाही. शिवाय मंदावलेल्या किडनीला आणि हृदयाला ते पाणी झेपलं नाही तर पाय सुजतात, छातीत पाणी साठतं, घशात स्राव वाढतो. म्हणून सलाईन सरसकट वाईट असं पण नाही, काही पेशंटला खरंच उपयोग होतो, पण "निदान सलाईन तरी लावा" हे दर वेळी पेशंटच्या भल्याचं असेलच असं नाही. ज्याला स्वतःला प्यावंसं वाटतंय आणि गिळता येतंय त्याला मात्र पाणी द्यायचंच, ते कधीही अडवायचं नाही.

मग तोंड कोरडं पडतं त्याचं काय, तर तिथे नर्सचं सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर काम येतं. तहानेची जी जाणीव उरते ती बरीचशी कोरड्या तोंडामुळे असते. नर्स पलंगाचं डोकं थोडं वर करते, मान एका बाजूला, हनुवटीखाली टॉवेल. "काका, तोंड ओलं करतेय हं" असं सांगून, शुद्ध असो नसो, मऊ ओल्या ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या गॉजने आधी ओठ, मग गालांची आतली बाजू, हिरड्या, जिभेवरचा पांढरा थर, हळूहळू, उलटी होईल इतकं मागे न जाता. वाळलेली खपली ओढून काढायची नाही, आधी भिजू द्यायची. शेवटी ओठांना मलम. जागे असताना हे तासा-दोन तासांनी. आणि हे काम ती मुद्दाम मुलीला किंवा बायकोला शिकवते, कारण भरवायचा चमचा हातातून सुटलाय, त्या हातांना काहीतरी काम हवं असतं. आवडीच्या चवीचे दोन थेंब जिभेवर लावले तरी चालतात, फक्त गिळायला लावायचं नाही.

घशातून घरघर येतेय, ते गुदमरतायत का?

शेवटच्या तासा-दिवसांत श्वास बदलतो. काही श्वास भराभर, मग एकदम थांबल्यासारखं, मग पुन्हा सुरू. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर-तळपायांवर जांभळट ठिपके दिसतात, लघवी कमी आणि गडद होते. आणि काही जणांना घशात घरघर सुरू होते, म्हणजे गिळण्याची क्रिया मंदावल्याने लाळ-स्राव घशात साठतो आणि हवा त्यातून जाते. ऐकणाऱ्याला ते भयंकर वाटतं. तेव्हा बोलणं साधारण असं होतं:

"सिस्टर, बाबांना श्वास घेता येत नाहीये, ती नळी घालून काढा ना सगळं."
"ताई, त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. कपाळाला आठी आहे का? हात ओढतायत का?"
"नाही."
"त्यांची शुद्ध आता खोल गेलीये, हा आवाज त्यांना त्रास देत नसावा. नळी आत घातली तर मात्र त्रास होईल. आपण त्यांना कुशीवर करू, या, तुम्ही खांद्याला धरा."

कुशीवर केलं, डोकं थोडं वर घेतलं की बऱ्याचदा आवाज कमी होतो. स्राव कमी करणारी इंजेक्शनं पण असतात, ती नवीन स्राव थांबवतात, साठलेला वाळवत नाहीत, म्हणून लवकर सुरू केली तर जास्त उपयोग. शुद्धीवर असलेल्याला खरीखुरी धाप लागली असेल तर ती वेगळी गोष्ट, तिच्यावर उपाय करायचाच: बसतं करायचं, खिडकी उघडायची, छोटा पंखा चेहऱ्यावर धरायचा. हा पंखा म्हणजे नुसतं मनाचं समाधान नाही बरं का, गालावर आणि नाकाशी गार हवा लागली की तिथल्या नसांमुळे मेंदूला दम लागल्याची जाणीव खरंच कमी होते. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असेल तर ऑक्सिजनचा मास्क त्यापेक्षा जास्त काही करत नाही, उलट तोंड कोरडं पाडतो आणि बोलणं तोडतो.

त्यांना ऐकू येत असेल का?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला, हॉस्पिसमधल्या मरणाच्या अगदी जवळ असलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या पेशंटच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या, तर काहींचा मेंदू आवाजातल्या बदलाला प्रतिसाद देत होता. अर्थ कळत होता की नाही हे यातून सिद्ध होत नाही. पण नर्स आधीपासून जे पाळतात, की पलंगाशी उभं राहून "आता किती तास?" असली चर्चा करायची नाही आणि प्रत्येक गोष्ट सांगून करायची, त्याला आधार मिळतो. म्हणून जे बोलायचं राहिलंय ते बोला.

खरं सांगायचं की नाही?

इथे घरोघरी भांडणं होतात. मुलं म्हणतात बाबांना सांगू नका, खचतील, आणि बाबा एकट्या नर्सला विचारतात, "सिस्टर, मी यातून उठणार नाही ना?" चांगली नर्स इथे पटकन हो पण म्हणत नाही आणि "काही नाही होत तुम्हाला" असं पण म्हणत नाही. ती विचारते, "तुम्हाला काय वाटतंय?" बहुतेक वेळा पुढचं पेशंटच बोलतो, कारण त्याला अंदाज असतोच, आणि तो काय विचारायचा थांबलाय तेही कळतं, कोणाला भेटायचंय, कुठे मरायचंय, काय नको आहे. किती जाणून घ्यायचं हे ठरवायचा अधिकार त्याचा. मग ती डॉक्टरांना आणि मुलांना एकत्र बसवते. लपवण्यात जी ताकद जाते ती शेवटच्या दिवसांत एकमेकांसाठी वापरता येते, मला तरी हे फार पटतं.

घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही साध्या शब्दांत सांगावं. आजी झोपली, आजी गावाला गेली असं सांगितलं की मूल झोपायला घाबरायला लागतं किंवा वाट बघत बसतं.

म्हणजे हार मानायची का?

2010 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची ट्रीटमेंट, निम्म्यांना तीच ट्रीटमेंट अधिक सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या लोकांचे दिवस जास्त चांगले गेले, नैराश्य कमी, शेवटच्या आठवड्यांतली जड ट्रीटमेंट कमी घेतली गेली, आणि तरी ते जगले जास्त, मध्यक (म्हणजे निम्मे लोक ज्यापेक्षा जास्त जगले तो आकडा) 11.6 महिने, पहिल्या गटाचा 8.9. सगळ्या आजारांत असंच होईल असा दावा मी करत नाही. पण पॅलिएटिव्ह केअर घेतली म्हणजे आयुष्य कमी होतं हा समज यापुढे टिकत नाही.

हे सगळं फॉर्म भरून, नियम करून होणार नाही का?

ब्रिटनने हा प्रयत्न केला. लिव्हरपूल केअर पाथवे नावाची पद्धत होती, हेतू उत्तम, हॉस्पिसमधली काळजी साध्या वॉर्डातही मिळावी म्हणून टप्प्याटप्प्याने काय करायचं ते लिहिलेलं. पण बऱ्याच ठिकाणी ती नुसत्या टिक मारण्यावर आली, घरच्यांना न विचारता-सांगता पेशंट त्यावर टाकले गेले, पाणी मागणाऱ्यांना पाणी मिळालं नाही अशाही तक्रारी आल्या. 2013 मध्ये चौकशी समितीने ती बंद करायची शिफारस केली आणि मग ती बंद झाली. यादी लागतेच, औषध विसरू नये म्हणून, पण यादी वाचून झाल्यावर त्या माणसाकडे बघणारं कोणीतरी लागतं, आणि त्या कोणाकडे वेळ लागतो.

आणि अडतं नेमकं तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि मिळते फक्त 14 टक्क्यांच्या आसपास लोकांना. एका नर्सकडे वॉर्डभर पेशंट असतील तर तिने खुर्ची ओढून बसावं तरी कधी? तिच्याकडून हसरा चेहरा मागायचा आणि माणसं वाढवायची नाहीत हे चालणार नाही. एका पाळीत दोन मृत्यू बघून ती तिसऱ्या पेशंटकडे जाते तेव्हा मध्ये कोणीतरी तिलाही पाच मिनिटं बसवून "तू ठीक आहेस ना" विचारायला हवं, हे हॉस्पिटलच्या नियोजनात असायला हवं, कोणाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही.

गेल्यानंतर

काम तिथेही संपत नाही. घाई न करता घरच्यांना जवळ बसू देणं, त्यांची जी काही रीत असेल ती विचारून सांभाळणं, नळ्या काढून अंग पुसताना त्याच आवाजात नाव घेऊन बोलणं, कागदपत्रं कुठे मिळतील ते लिहून देणं. चांगल्या टीम काही आठवड्यांनी घरी फोन करतात. त्या फोनवर "ते इंजेक्शन दिलं नसतं तर?", "मी त्या रात्री घरी गेलो नसतो तर?" असले प्रश्न येतात आणि ज्या नर्सने ते दिवस पाहिलेत तिलाच त्याचं नेमकं उत्तर देता येतं. दुःख बहुतेकांचं वेळेने हळूहळू पेलण्याजोगं होतं, औषध लागत नाही. पण सहा महिने उलटून गेल्यावरही रोजचं जगणं ठप्प असेल, त्या माणसाच्या ओढीपलीकडे काहीच सुचत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता त्याची वेगळी नोंद आहे आणि त्यावर समुपदेशनाचे खास उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर मात्र सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. फोन आला नाही तर घरच्यांनी आपणहून त्या टीमला करावा, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.